अंगण खरंच वाकडं आहे का? जुन्या बर्गंडीच्या फसलेल्या बाटल्यांचं परीक्षण

समजा, चार माणसं जेवायला बसली आहेत. यजमानाने वीस वर्षं तळघरात जपून ठेवलेली लाल बर्गंडीची बाटली आणली. बूच काढलं, ग्लास भरले, सगळ्यांनी वास घेतला, एकेक घोट घेतला आणि टेबलावर शांतता पसरली. वाइन खराब नाही, पण तिच्यात काहीच नाही. वास नाही, फळाची चव नाही. पातळ आणि आंबट.

मग एक जण म्हणतो, "बुचाचा दोष असेल." दुसरा म्हणतो, "ते सालच वाईट होतं." तिसरा म्हणतो, "आपण लवकर उघडली, वाइन अजून मिटलेली आहे." चौथा म्हणतो, "उशीर झाला, दहा वर्षांपूर्वीच प्यायला हवी होती."

तिसरा आणि चौथा एकमेकांच्या बरोबर उलट बोलले, तरी त्यांचं भांडण झालं नाही, हे लक्षात आलं का तुमच्या? होणारच नाही. कारण चौघांचंही म्हणणं शेवटी एकच आहे: वाइन मुळात थोर आहे, आज फक्त योग जुळला नाही.

या लेखात मला या कारणांचं परीक्षण करायचं आहे, वाइनचं नाही. आधीच सांगून टाकते, जुनी बर्गंडी मी कधी चाखलेली नाही, माझ्या फेलोशिपमध्ये ती बसणारही नाही. त्यामुळे ती कशी लागते यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण निकाल मनासारखा आला नाही की माणसं काय काय कारणं देतात, हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे. तुम्ही पीएचडीला येणार असाल तर तुमच्याही कामातला होणार आहे.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण समोरच्याला चिडवायला वापरतो. पण संशोधकाने ती जरा वेगळी वाचावी. कधीकधी अंगण खरोखरच वाकडं असतं! तेव्हा 'कारणं सांगू नकोस' असं दटावून भागत नाही. विचारायचं ते एवढंच: अंगणाचा वाकडेपणा मोजता येतो का? आणि मोजल्यावर ते सरळ निघालं, तर तू म्हणणं मागे घेशील का? जुन्या बर्गंडीच्या बाबतीत जी कारणं दिली जातात, त्यांतली काही या कसोटीवर छान उतरतात, काही अर्धवट उतरतात आणि काही कसोटीजवळ फिरकतही नाहीत.

हे सगळं बर्गंडीतच का होतं?

फ्रान्सच्या पूर्व भागात दिजाँ शहरापासून दक्षिणेकडे कोत दॉर नावाची टेकड्यांची एक अरुंद पट्टी आहे. इथली नामवंत लाल वाइन पिनो न्वार या एकाच जातीच्या द्राक्षापासून करतात. द्राक्ष एकच असल्यामुळे फरक सांगायचा तो जमिनीचा. इथे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे, आणि त्या तुकड्यांना 'क्लिमा' म्हणतात. २०१५ साली युनेस्कोने या क्लिमांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तुकड्यांची प्रतवारीही ठरलेली आहे. सगळ्यात वर 'ग्राँ क्रू', त्याखाली 'प्रमिए क्रू', मग गावाच्या नावाची वाइन आणि शेवटी सगळ्या प्रदेशाच्या नावाची.

आता क्लो द वूजो हा ग्राँ क्रू घ्या. बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठवासीयांनी लावायला घेतलेला हा सुमारे ५० हेक्टरांचा मळा. आज त्याचे साधारण ८० मालक आहेत. म्हणजे लेबलवर नाव एकच, पण द्राक्षं पिकवणारे हात, पिंपं आणि सवयी ऐंशी प्रकारच्या. तुमच्या हातात 'क्लो द वूजो' आली, तर या ऐंशींतली कुणाची, हे कळल्याशिवाय तुम्हाला फारसं काही कळलेलं नसतं.

त्यात पिनो न्वार हे नाजूक द्राक्ष. त्याच्या सालीत लाल रंगाची द्रव्यं, म्हणजे अ‍ॅन्थोसायनिन, तुलनेने कमी असतात. त्यातही अ‍ॅसिलेटेड म्हणून ओळखले जाणारे प्रकार जवळजवळ नसतातच. म्हणून ही वाइन मुळातच फिकट दिसते आणि वय वाढलं की विटकरी होते. नुसता रंग बघून 'म्हातारी झाली' म्हणावं, तर फसायला होतं.

थोडक्यात, नमुना नाजूक, लेबल संदिग्ध, काळ वीस-तीस वर्षांचा आणि किंमत डोळे पांढरे करणारी. २०१८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १९४५ सालची रोमाने-काँतीची एक बाटली ५,५८,००० डॉलरना गेली. एवढे पैसे मोजलेल्या माणसाला 'नाही आवडली' हे दोन शब्द किती जड जात असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

पहिलं कारण: बूच

आता एकेक कारण तपासू. 'बुचाचा दोष' हे सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत सन्मान्य कारण, आणि माझ्या मते तो मान त्याने कमावलेला आहे.

या दोषामागचा मुख्य आरोपी माहीत आहे. २,४,६-ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल, थोडक्यात टीसीए. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधल्या हान्स टॅनर आणि सहकाऱ्यांनी त्याची ओळख पटवली. बुचात क्लोरोफिनॉल असतील, तर बुरशी त्यांना मिथाइल गट जोडते आणि टीसीए तयार होतं. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम एवढं असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. २०१३ साली जपानमधल्या ताकेउची, कातो आणि कुराहाशी यांनी न्यूट नावाच्या उभयचर प्राण्याच्या गंधपेशींवर प्रयोग केले. त्यांना दिसलं की टीसीए या पेशींचा संदेशच दाबून टाकतं. म्हणजे टीसीए स्वतःचा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास तर देतंच, शिवाय दुसरे वास कळण्याच्या यंत्रणेलाही ते दाबू शकतं.

आता पुन्हा त्या टेबलापाशी चला. टीसीए भरपूर असेल तर कुणीही म्हणेल, 'कुबट वास येतोय, बूच खराब.' पण ते अगदी थोडं असेल तर? कुबट वास येणार नाही, फक्त फळाचा वास विझलेला वाटेल. 'वाइनमध्ये काहीच नाही' असं वाटेल. आणि कुणीतरी म्हणेल, "अजून मिटलेली आहे."

म्हणजे पहिल्या माणसाचं कारण आणि तिसऱ्या माणसाचं कारण जिभेला सारखीच लागू शकतात. ती वेगळी करायला जीभ पुरत नाही. पण गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री पुरते. उरलेल्या वाइनचा छोटासा नमुना दिला तरी टीसीए आहे की नाही, किती आहे, हे सांगता येतं. आणि टीसीए नाही असं निघालं, तर पहिल्या माणसाला आपलं वाक्य मागे घ्यावं लागेल, किमान टीसीएपुरतं तरी. अंगण मोजता येतं ते असं.

दुसरं कारण: बाटलीगणिक फरक

वाइनच्या जगात एक समजूत पक्की आहे की वीस-तीस वर्षांनंतर थोर वाइन असं काही उरत नाही, उरतात त्या फक्त थोर बाटल्या. एकाच पेटीतली एक बाटली स्वर्ग दाखवते आणि शेजारची नुसतं आंबट पाणी निघते.

यामागेही रसायन आहे. बाटलीत थोडा ऑक्सिजन शिरतच असतो. लोहाच्या अत्यल्प अंशांच्या मदतीने तो वाइनमधल्या फिनॉलवर काम करतो. त्यातून क्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात आणि पेरॉक्साइडमुळे पुढे अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. बाटली भरताना घातलेला सल्फर डायऑक्साइड हे सगळं अडवत बसलेला असतो. तो संपला की वाइनची राखण संपली. मग एखादी बाटली किती वर्षं तग धरेल, हे बऱ्याच अंशी तिच्या बुचातून किती ऑक्सिजन आत येतो यावर ठरतं.

तो मोजायचा कसा? बूच काढलं की प्रयोग संपला. यावर बोर्दोमध्ये पावलो लोपेस आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एक सुंदर युक्ती मांडली. वाइनऐवजी बाटलीत इंडिगो कार्मिन या रंगाचं द्रावण भरायचं. आधी त्याचं क्षपण करून ते पिवळं करायचं. ऑक्सिजन आत शिरेल तसं ते निळ्याकडे जातं. बाहेरूनच रंग मोजा, बाटली उघडायची गरजच नाही. त्यातून दिसलं की नैसर्गिक बुचांमध्ये एका बुचाचं वागणं दुसऱ्यासारखं नसतं. झाडाच्या सालीपासून बनलेली वस्तू ती, तिच्याकडून वेगळी अपेक्षा तरी काय करणार!

म्हणजे 'बाटलीगणिक फरक' हे कारणही खरं आहे. पण इथे थांबा. ते खरं आहे म्हणजे प्रत्येक वेळी लागू आहे असं नाही. तुमच्याकडे बारा बाटल्यांची पेटी आहे असं धरा. तुम्ही बाराही उघडल्या आणि एकही फसली नाही. मग काय म्हणाल? 'ही वाइन कधी फसत नाही'? गणित तसं म्हणत नाही. बारांपैकी शून्य फसल्या असल्या, तरी फसण्याचा खरा दर जवळजवळ २२ टक्क्यांपर्यंत असू शकतो, ९५ टक्के विश्वासाने. (०.७८ चा बारावा घात काढून बघा, ०.०५ च्या आसपास येतो.) बारा बाटल्यांचं हे असं असेल, तर बहुतेक लोक ज्या एका बाटलीवरून बोलतात तिचं काय? एका बाटलीवरून साल, मळा, करणारा, साठवण आणि बूच या पाचांपैकी दोष कुणाचा, हे ठरवणं अशक्य आहे. एका निरीक्षणातून पाच अज्ञातं सुटत नाहीत, हे आपण शाळेत शिकलो. बर्गंडीच्या टेबलावर मात्र ती रोज सोडवली जातात.

तिसरं कारण: ते सालच वाईट

इथे मी एक खास उदाहरण घेणार आहे, २००४ सालच्या लाल बर्गंडीचं. २००३ साली युरोपात भयंकर उन्हाळा झाला. त्यानंतर २००४ला वेलींना भरपूर माल लागला, उन्हाळा थंड गेला आणि भुरी रोगाचा त्रास झाला. वाइन बाजारात आल्यानंतरच्या वर्षांत तक्रार वाढत गेली, की या वाइनना हिरवा, कडवट, देठांसारखा वास येतो. काही चाखणाऱ्यांना तो असह्य झाला, काहींना कळलाच नाही.

यावर एक गृहीतक पुढे आलं. दोष द्राक्षांचा नाही, ढालकिड्यांचा आहे! ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड, आपल्याकडे शेतीच्या पुस्तकांत ज्याला मित्रकीटक म्हणून शाबासकी मिळते तो. हार्मोनिया अ‍ॅक्सिरिडिस ही त्याची आशियाई जात. तिला डिवचलं की तिच्या अंगातून जो द्रव पाझरतो, त्यात आयसोप्रोपिल-मिथॉक्सिपायरझिन असतं. द्राक्षांच्या घडांबरोबर हे किडे चिरडले गेले तर ते वाइनमध्ये उतरतं. हे नुसतं डोक्यातून काढलेलं नव्हतं. कॅनडातल्या ऑन्टारियोमध्ये २००१ सालच्या वाइनना याचा फटका बसला होता, आणि गॅरी पिकरिंग आणि सहकाऱ्यांनी रसात मुद्दाम ढालकिडे घालून परिणाम तपासले होते.

मला हे गृहीतक आवडतं. ते बरोबर ठरलं आहे म्हणून नव्हे, तर त्याला हरता येतं म्हणून. कच्च्या द्राक्षांमुळे येणारा हिरवा वास मुख्यतः आयसोब्युटिल-मिथॉक्सिपायरझिनचा असतो. ढालकिड्यांचा आयसोप्रोपिलचा. दोन्ही रेणू मोजता येतात. दोष किड्यांचा असेल तर दुसरा जास्त भरायला हवा. भरला नाही, तर किडे निर्दोष. शिवाय वाट अडवणारी आणखी एक शक्यता आहे, तिलाही जागा द्यावी लागेल. काही जण द्राक्षं देठांसकट आंबवतात, आणि देठांतही आयसोब्युटिल असतं. म्हणजे आधी देठांसह केलेल्या आणि देठ काढून केलेल्या वाइन वेगळ्या करा, मग तुलना करा. कंट्रोल काय ठेवायचा ते गृहीतकच तुम्हाला सांगतं.

आता याच्या शेजारी 'ते सालच वाईट' हे वाक्य ठेवून बघा. कशात वाईट? कुणासाठी वाईट? कुठला आकडा आला तर वाईट नव्हतं असं म्हणाल? उत्तर नाही. गृहीतक आणि शेरा यांतला फरक समजून घ्यायचा असेल तर ही दोन वाक्यं वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा.

मधला प्रश्न: बाटलीत वाइन तरी तीच आहे का?

टेबलावरच्या चौघांपैकी एकानेही विचारला नाही असा हा प्रश्न. एप्रिल २००८मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात दोमेन पाँसोच्या नावाची क्लो सँ-दनी विकायला आली होती, १९४५ ते १९७१ या काळातली. दोमेनचे प्रमुख लोराँ पाँसो स्वतः बर्गंडीहून तिथे गेले आणि त्या बाटल्या लिलावातून काढून घ्यायला लावल्या. कारण साधं होतं. त्यांच्या घराण्याने क्लो सँ-दनी करायला सुरुवातच केली ती १९८०च्या दशकात. त्या बाटल्या रूडी कुर्नियावान या संग्राहकाकडून आलेल्या होत्या. मार्च २०१२मध्ये त्याला अटक झाली, डिसेंबर २०१३मध्ये तो दोषी ठरला आणि २०१४मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तो घरीच वाइन मिसळून, लेबलं चिकटवून जुन्या दुर्मिळ बाटल्या 'तयार' करत होता.

या प्रकरणात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, खोटेपणा उघडा पडला तो जिभेने नव्हे, दप्तराने. कुणी काय कधी केलं याच्या नोंदीने. नमुन्याची ओळख पटल्याशिवाय त्याच्या गुणांवर बोलू नये, हा धडा प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि आपण दुसऱ्या आठवड्यात विसरतो.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. खोट्या बाटलीची चव अपेक्षेसारखी लागली नाही, तर प्यायलेला माणूस काय म्हणेल? 'बाटलीगणिक फरक असतोच.' 'साठवण नीट झाली नसेल.' 'अजून मिटलेली आहे.' कारणांची ही पिशवी इतकी ऐसपैस आहे की तिच्यात खोटी वाइनही आरामात मावते. म्हणून मी म्हणते, सैल कारणं निरुपद्रवी नसतात. जिथे प्रत्येक निराशेला तयार उत्तर आहे, तिथे फसवणुकीला लपायला जागा आपोआप तयार होते. हे मी फक्त वाइनबद्दल बोलत नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेलच.

चौथं कारण: मिटलेली वाइन

आता माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत कमकुवत कारण. म्हणतात की बर्गंडी तरुणपणी खुललेली असते, मग काही वर्षं मिटते आणि पुन्हा खुलते. आठव्या वर्षी निराशा झाली तर मिटलेली आहे. पंधराव्या वर्षी झाली तरी मिटलेलीच आहे. तिसाव्या वर्षी झाली तर वेळ निघून गेली. म्हणजे छापा पडला तर मी जिंकलो आणि काटा पडला तर तू हरलास.

वाइन मिटतच नाही असं माझं म्हणणं नाही. बाटलीत रसायन चालू असतं, वास वरखाली होऊ शकतात. माझी तक्रार पुराव्याच्या जातीबद्दल आहे. बाटली उघडली की संपली. त्यामुळे 'ही वाइन २०१२ला खुली होती, २०१६ला मिटली, २०२०ला परत खुलली' असं कुणी सांगतं, तेव्हा तो एका वाइनची गोष्ट सांगत नसतो, तीन वेगळ्या बाटल्यांची सांगत असतो. आणि बाटलीगणिक फरक असतो हे त्यानेच आधी मान्य केलंय! चांगली, वाईट, चांगली हा क्रम निव्वळ फरकानेही येऊ शकतो. एखादी बाटली फारच छान निघाली, तर पुढची तिच्यापेक्षा बेताची निघण्याची शक्यता तशीही जास्त. सरासरीकडे परतणं म्हणतात याला. दुसरं कारण खरं धरलं की चौथ्या कारणाचा बराचसा पुरावा त्यातच विरघळतो.

तपासता येईल का? येईल, पण महाग पडेल. एकाच दिवशी भरलेल्या, एकाच ठिकाणी ठेवलेल्या पुरेशा बाटल्या हव्यात. दर वर्षी निदान चार-सहा उघडायच्या, काळ्या ग्लासात, नाव आणि साल लपवून. आणि वाइन कुठल्या वर्षी मिटणार हे आधी लिहून, पाकीट बंद करून ठेवायचं. ते पाकीट नसेल, तर बाकी सगळा खटाटोप फुकट.

अशा पद्धतीने तपासलेली एक समजूत आहे. जैवगतिक पंचांगानुसार काही दिवस 'फळाचे' आणि काही 'मुळाचे', आणि मुळाच्या दिवशी वाइन नीट लागत नाही, असं मानणारे लोक आहेत. २०१७ साली वेंडी पार आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. न्यूझीलंडच्या १२ पिनो न्वार, १९ अनुभवी व्यावसायिक, दोन्ही प्रकारचे दिवस, नावं लपवलेली. दिवसानुसार फरक आढळला नाही. 'मुळाचा दिवस' हे कारण निदान मैदानात उतरलं आणि हरलं. 'मिटलेली' मात्र अजून ड्रेसिंग रूममध्येच बसून आहे.

आणि चाखणारा?

इथे तुमच्यातले काही जण खूश झाले असतील. 'म्हणजे हे सगळं थोतांडच ना!' मग हमखास दोन अभ्यास पुढे केले जातात. २००१ सालचा मोरो, ब्रोशे आणि दुबूर्दियू यांचा: ५४ जणांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. आणि २००८ सालचा रॉबर्ट हॉजसन यांचा: कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतले तीन नमुने नकळत दिले, आणि जेमतेम दहा टक्के परीक्षक आपल्या गुणांशी सुसंगत राहिले.

दोन्ही अभ्यास महत्त्वाचे आहेत. पण त्यांच्यावर नको तेवढं ओझं टाकू नका. पहिल्यातले ५४ जण वाइनशास्त्राचे विद्यार्थी होते, मुरलेले परीक्षक नव्हेत. आणि त्यातून दिसलं ते हे, की वासासाठी आपण जे शब्द निवडतो ते रंगामागे जातात. दोन वाइनमध्ये फरकच नसतो, असं त्यातून सिद्ध होत नाही. दुसऱ्यात परीक्षकांपुढे साधारण तीस वाइनची रांग होती. त्यातून मोजणाऱ्याची चूक किती मोठी आहे ते कळतं. आणि मोजपट्टी थरथरते म्हणून कापडाला लांबीच नाही, असं आपण म्हणत नाही.

'सगळं थोतांड आहे' हेही एक ऐसपैस कारणच आहे. तेही प्रत्येक बाटलीला लागू पडतं, आणि तेही बाटली न तपासताच.

माझ्या वहीतलं एक पान

शेवटी, दुसऱ्यांची कारणं एवढी तपासली तर स्वतःचंही एक सांगायला हवं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझा एक नमुना सारखा कमी भरायचा. मी वहीत लिहिलं, 'कॉलम जुना झालाय.' पुढच्या आठवड्यात तोच नमुना अपेक्षेइतका भरला. मी काहीच लिहिलं नाही, आकडा तक्त्यात टाकला आणि चहाला गेले. गाईडनी वही चाळताना फक्त एवढंच विचारलं, "त्या दिवशी कॉलम नवा होता का?"

नव्हता. तोच होता.

बर्गंडीच्या टेबलावर जे होतं, तेच मी केलं होतं. फसलेल्या बाटलीची चौकशी होते, जमलेल्या बाटलीची कुणीच करत नाही. ती का जमली? बूच नशिबाने चांगलं होतं म्हणून? किंमत आठवली म्हणून? शेजारच्याने आधी 'वा' म्हटलं म्हणून? कारण शोधायचंच असेल तर दोन्ही बाटल्यांचं शोधायला हवं. नाहीतर तक्त्यात फक्त आपल्याला हवे ते आकडे उरतात, आणि प्रत्येक वगळलेल्या आकड्याशेजारी एक समंजस दिसणारं कारण.

माझं मत शेवटी असं. बुचाचं कारण पक्कं, कारण ते मोजून खोडता येतं. बाटलीगणिक फरकाचं कारण खरं, पण एका बाटलीवरून ते वापरू नये. ढालकिड्यांचं गृहीतक उत्तम, निकाल काहीही लागो. 'साल वाईट' हा नुसता शेरा. आणि 'मिटलेली आहे' हे कारण, कुणी पाकीट बंद करून दाखवत नाही तोवर, मी स्वीकारणार नाही. 'उशीर झाला' याचंही तेच.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला घ्याल तेव्हा एक करा. मागच्या कोऱ्या पानावर तुमच्या प्रयोगाचा कुठला आकडा आला तर तुमची निराशा होईल ते लिहा. त्याखाली, त्या दिवशी तुम्ही कुठली कारणं द्याल तीही आत्ताच लिहून टाका. आणि प्रत्येक कारणापुढे ते कसं मोजणार ते लिहा. ज्याच्यापुढे काही लिहिता येणार नाही, ते आत्ताच खोडा. तारीख घाला आणि गाईडची सही घ्या.